तळटीप १७ : नागपूर ते मुंबई, विमानाने
१७. लेखकाने या प्रवासास दिलेले अडीच तास आजच्या वाचकास अंमळ अधिक वाटतील. परंतु सोनेगाव व सांताक्रूझ या विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर (लोहमार्गाने ८३७) असून, ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल योजनेतील डाकोटा विमाने ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपासच जात, हे ध्यानी घेता तो हिशेब यथार्थच ठरतो. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावी एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होऊन सकाळपर्यंत आपापल्या मूळ मुक्कामी परतत. नागपूरचे मध्यवर्तित्व सर्वांच्या तोंडी असले तरी ते काटेकोर नव्हे : कलकत्ता येथून जवळजवळ एक हजार किलोमीटर दूर, तेव्हा सर्वांनी एकाच घटकेस पोचावयाचे तर तेथील विमानाने मुंबईच्या विमानाआधी तासभर निघणे क्रमप्राप्तच होते. जेट विमानाच्या वेळापत्रकात आज नागपूर–मुंबई या अंतरास सुमारे दीड तास नमूद असतो, आणि त्यातही धावपट्टीवरील खोळंबा अंतर्भूत आहे.—संपादक