हक्कांच्या कामासाठी फेलोशिप : कोणती, कोणासाठी आणि अर्ज कसा करायचा?

मोहल्ल्यात एखादी मुलगी अशी असतेच, जिच्याकडे बायका रेशन कार्डाचा फॉर्म भरून घ्यायला येतात. कुणाचा मेहर अडकलेला, कुणाला नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, कुणाच्या मुलीची शाळा सुटलेली. ही मुलगी फॉर्म भरते, पोलीस ठाण्यात सोबत जाते आणि संध्याकाळी शिकवण्या घेऊन घरखर्चाला हातभार लावते. दोन-तीन वर्षांनी लग्न किंवा नोकरी, दोनपैकी काहीतरी ठरतं आणि हे काम थांबतं. तिची हिंमत संपलेली नसते. या कामाला द्यायचा वेळ तिला परवडत नाही, एवढंच.

नेमकी हीच अडचण फेलोशिप सोडवू शकते. मानवी हक्क आणि स्त्री-पुरुष समतेच्या क्षेत्रात तरुणांसाठी असे अनेक कार्यक्रम आहेत, पण आपल्या वस्त्यांपर्यंत त्यांची माहिती क्वचितच पोहोचते.

फेलोशिप म्हणजे काय?

शिष्यवृत्ती शिक्षणासाठी मिळते, पगार नोकरीचा मिळतो. फेलोशिप या दोन्हींच्या मधली आहे. ठरावीक काळासाठी, साधारणपणे काही महिने ते दोन वर्षे, तुम्ही एका प्रश्नावर काम करता. त्या काळात दरमहा मानधन, प्रशिक्षण आणि मार्गदर्शक मिळतो, आणि सोबत काम करणाऱ्या इतर फेलोंची ओळख होते. ‘फेलोशिप’ याच नावाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणारी रक्कम वेगळी. ती संशोधनासाठी असते. जाहिरात वाचताना हा फरक आधी पाहावा.

प्रशिक्षणात काय शिकवतात? उदाहरण घ्या. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २००५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. शमीम आरा खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, तलाक दिल्याचा नुसता दावा पुरेसा नाही, तो सिद्ध करावा लागतो. या तीन गोष्टी जिला नीट माहीत आहेत, ती दारात आलेल्या बाईला रडू नकोस म्हणून परत पाठवत नाही. कुठे जायचं, कोणता कागद न्यायचा, हे ती सांगू शकते.

मुंबईचं उदाहरण : कोरो

महाराष्ट्रात या कामाचा सगळ्यात जवळचा दाखला म्हणजे मुंबईची ‘कोरो’ ही संस्था. १९८९मध्ये झोपडपट्ट्यांतील प्रौढ साक्षरतेसाठी ती सुरू झाली. पुढे वस्तीतल्या बायकाच कार्यकर्त्या झाल्या आणि संस्थेच्या कामाची सूत्रं त्यांच्या हाती आली. २००८पासून कोरो तळागाळातील नेतृत्व विकासाचा फेलोशिप कार्यक्रम चालवते. दलित, आदिवासी, भटके-विमुक्त, मुस्लिम, एकल स्त्रिया अशा समूहांतले कार्यकर्ते त्यात येतात. मोठी पदवी किंवा फर्डं इंग्रजी यापेक्षा आपल्या माणसांमध्ये केलेलं काम इथे महत्त्वाचं मानलं जातं.

अशा कार्यकर्त्यांच्या जाळ्यातूनच २०११च्या सुमारास मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली. मागणी साधी होती. सार्वजनिक मुतारीत पुरुषांकडून पैसे घेत नाहीत, मग बायकांकडून का घेता? आणि बायकांसाठी मुताऱ्या आहेत तरी किती? कार्यकर्त्यांनी शौचालयांची पाहणी केली, सह्या गोळा केल्या, महापालिकेशी बोलणी केली. या मोहिमेतला एक ठळक चेहरा म्हणजे चेंबूरच्या वस्तीतून पुढे आलेल्या मुमताज शेख. २०१५मध्ये बीबीसीच्या जगभरातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचं नाव आलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ने दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील महापालिकांना रस्त्यांवर आणि सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृहांची सोय करण्याचे आदेश दिले.

बाजारात गेलेल्या बाईने दिवसभर पाणी न पिता राहायचं, हे ‘घरगुती दुखणं’ मानलं जात होतं. तो हक्काचा प्रश्न आहे, हे वस्तीतल्या बायकांनी दाखवून दिलं.

कोणासाठी कोणता कार्यक्रम?

* वस्तीत, गावात आधीच काम करणाऱ्यांसाठी : कोरोसारख्या संस्थांचे तळागाळातील कार्यक्रम. अर्जासाठी बहुधा स्थानिक संस्थेची किंवा गटाची साथ लागते.
* दिशा शोधणाऱ्यांसाठी : गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी २००६मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’. हा थेट मानवी हक्कांचा कार्यक्रम नाही, पण सामाजिक कामाकडे वळणाऱ्या तरुणांसाठी चांगली सुरुवात आहे. मराठी मुलामुलींना इथे परकं वाटत नाही.
* सरकार आतून समजून घ्यायचं असेल तर : राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५मध्ये सुरू झाली. आतापर्यंतच्या जाहिरातींत २१ ते २६ वर्षे वय, पदवीला किमान ६० टक्के गुण, एक वर्षाचा अनुभव आणि चांगलं मराठी या अटी होत्या. मध्ये काही वर्षे ती बंद होती, म्हणून चालू वर्षाची जाहिरात पाहूनच तयारी करावी.
* कायदे कसे बनतात, हे पाहायचं असेल तर : दिल्लीच्या ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’ची लॅम्प फेलोशिप. पंचविशीपर्यंतचे पदवीधर सुमारे वर्षभर एका खासदारासोबत संशोधन साहाय्यक म्हणून काम करतात.
* शेजारी देशांतल्या कार्यकर्त्यांसोबत शिकायचं असेल तर : कमला भसीन यांनी उभ्या केलेल्या ‘संगत’ या दक्षिण आशियाई जाळ्याचा निवासी अभ्यासक्रम. याला फेलोशिप म्हणता येणार नाही, पण भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंकेच्या बायका एका छताखाली शिकतात.
* अनुभवी कार्यकर्त्यांसाठी : संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाची अल्पसंख्याक फेलोशिप. ती २००५पासून जिनिव्हात होते. उमेदवार धार्मिक, भाषिक किंवा वांशिक अल्पसंख्याक समूहातील असावा आणि त्याच हक्कांवर काम करत असावा. प्रवास आणि राहण्याचा खर्च कार्यालय करतं. परत आल्यावर शिकलेलं आपल्या समूहापर्यंत पोहोचवणं अपेक्षित असतं.

बंद झालेलं दार

मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपबद्दल आजही अनेक विद्यार्थी विचारतात. अल्पसंख्याक समाजातील एम.फिल. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी २००९मध्ये ती सुरू झाली होती. इतर योजनांशी ती सारखी असल्याचं कारण देत केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये ती बंद करत असल्याचं लोकसभेत सांगितलं. कुणी तिच्या नावाने नवे अर्ज आणि पैसे मागत असेल, तर सावध राहा.

दुसरा बदल २०२०चा. परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने परदेशातून आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली. मोठ्या संस्थांमार्फत छोट्या मोहल्ला गटांपर्यंत येणारा हा मार्ग बंद झाला. त्यामुळे एका फेलोचं मानधन तरी स्थानिक देणग्यांतून, जकात-सदक्याच्या नियमांत बसेल तिथे त्यातून उभं करता येईल का, याचा विचार आपल्या जमातींनी, ट्रस्टनी आणि व्यापाऱ्यांनी करायला हवा. इमारतीसाठी आपण चंदा देतो. माणूस घडवण्यासाठीही द्यायला हरकत नाही.

अर्ज भरताना

* ‘मला महिला सक्षमीकरण करायचं आहे’ असं लिहू नका. ‘आमच्या वस्तीत सोडून दिलेल्या बायकांना स्वतःच्या नावाचं रेशन कार्ड मिळत नाही, मी आतापर्यंत इतक्या जणींचे अर्ज भरले, इथे अडलं’ असं लिहा. काम छोटं असलं तरी चालेल, खरं असावं.
* आधार, शाळेचा दाखला आणि बँक खात्यावरचं नाव एकच आहे का, ते आधी तपासा. निकाहनंतर नाव बदललेल्या मुलींचं इथे हमखास अडतं.
* शिफारसपत्र मोठ्या पुढाऱ्याचं नको. तुमचं काम पाहिलेल्या शिक्षिका, अंगणवाडी ताई, वकील यांचं घ्या.
* मुलाखत मराठीत, हिंदीत किंवा उर्दूत देता येईल का, हे न लाजता विचारा.
* अर्जासाठी किंवा ‘निवड पक्की करण्यासाठी’ कुणी पैसे मागितले तर तिथेच थांबा.

सही करण्यापूर्वी

मानधन दरमहा मिळणार की टप्प्याने? प्रवासखर्च वेगळा आहे का? बाळंतपण किंवा आजारपणात काय? लेखी करार आहे का? संस्थेत दहा किंवा जास्त लोक काम करत असतील, तर २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती असायलाच हवी. प्रशिक्षणार्थी आणि स्वयंसेवकांनाही या कायद्याचं संरक्षण आहे. घरच्यांना काळजी वाटते ती मुक्कामाची आणि प्रवासाची. राहायची सोय कुठे, सोबत कोण, संपर्काचा नंबर कोणता, ही माहिती कागदावर लिहून अम्मी-अब्बांसमोर ठेवली तर निम्मा वाद मिटतो.

एक अवघड गोष्ट

आपल्यातली मुलगी स्त्रियांच्या हक्काबद्दल बोलू लागली की तिला दोन्हीकडून त्रास होतो. बाहेरचे काही लोक तिचा शब्द संपूर्ण समाजाला बदनाम करायला वापरतात. घरातले म्हणतात, चार भिंतींतलं बाहेर कशाला नेलंस? समाजाच्या बदनामीची भीती खोटी नाही. पण तिचं ओझं प्रत्येक वेळी त्रास सोसणाऱ्या बाईनेच का वाहायचं? चांगल्या फेलोशिपमध्ये याच पेचावर बोलायला सोबती मिळतात. माध्यमांशी काय बोलायचं, कोणाचं नाव गुप्त ठेवायचं, इमामसाहेबांशी आणि पोलिसांशी एकाच मुद्द्यावर कसं बोलायचं, हे तिथे शिकता येतं.

तुमच्या मोहल्ल्यात फॉर्म भरून देणारी अशी एखादी मुलगी असेल, किंवा मुलगा असेल, तर ही माहिती तिच्यापर्यंत, त्याच्यापर्यंत नक्की पोहोचवा. वेबसाइट उघडून तारीख बघायला आणि शेजारी बसून पहिला अर्ज भरायला मदत करा. इतरांचे अर्ज भरण्यात त्यांची वर्षं गेली आहेत. एक अर्ज त्यांचाही भरला जाऊ दे.