नाशिक जिल्ह्यातील शिकार व लोकमत

शिकारीस लोकमान्यता लाभते ती शौर्यामुळे, हा समज नाशिक जिल्ह्याच्या इतिहासात टिकत नाही. १८७८ च्या वन कायद्याखाली राखीव वनांतील शिकार सरकारी नियमांच्या कक्षेत आली. परवानाधारक अंमलदाराची ती मर्दुमकी ठरली, भिल्ल-कोळ्यांचा मात्र गुन्हा. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे शिकाऱ्यांच्या नोंदींना शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा डौल संपविला. १९८६ साली निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर जलाशयाचा परिसर अभयारण्य झाला. तथापि याच तालुक्यातील उसाच्या फडांत बिबट्या वावरतो. तो माणसावर आला की बंदुकीची मागणी पुन्हा होते. लोकमताची मान्यता यावरून सशर्त दिसते: ती जीवितरक्षणापुरतीच आहे.