हिरवा कागद आणि ओली भिंत

पावसाळ्यात बंद खोलीचे दार उघडले की जो कुबट वास येतो, तो आपल्या परिचयाचा आहे. "बुरशी आली वाटतं," असे म्हणून आपण खिडकी उघडतो. एकोणिसाव्या शतकातील युरोपात मात्र असल्याच एका वासाने लोकांची झोप उडविली होती.

१७७५ साली शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि सोमल यांपासून एक हिरवा रंग बनविला. पुढे त्याहूनही झळझळीत हिरवे रंग निघाले, आणि भिंतीला चिकटवायच्या कागदांवर ते सर्रास दिसू लागले. सोमलासारखे जहाल विष घरात कोण लावून घेईल, असे आपण विचाराल. पण पोटात गेले नाही तर बाधत नाही, ही तेव्हाची समजूत!

१८३९ साली जर्मनीत ग्मेलिन याने इशारा दिला, की असा कागद लावलेल्या दमट खोल्यांत उंदरासारखा वास येतो आणि माणसे आजारी पडतात. कोरड्या खोल्यांत तसे होत नसे. असे का, याचे उत्तर मिळायला पुढे पन्नासेक वर्षे लागली. इटलीतील बार्तोलोमिओ गोसिओ याने बटाट्याच्या लगद्यात सोमल मिसळून तो उघडा ठेवला. त्यावर बुरशी वाढली, आणि लसणीसारखा वास सुटला. त्या वायूत उंदीर ठेवला, तो काही मिनिटांतच मेला. म्हणजे बुरशी सोमल पचवून त्याचा वायू करीत होती. हा वायू कोणता, ते लीड्सच्या चॅलेंजर यांनी १९३२च्या सुमारास निश्चित केले: ट्रायमिथाइल आर्सिन.

नेपोलियनचे नावही यात आले. १९८० साली डेव्हिड जोन्स यांनी बी.बी.सी.च्या नभोवाणीवर सहज विचारले, सेंट हेलेनावरील त्याच्या घरातला भिंतीचा कागद कोणत्या रंगाचा होता? एका श्रोत्याच्या संग्रहातील जुन्या चिकटवहीत त्या कागदाचा तुकडाच निघाला! त्यात सोमल सापडला. पण माणूस मारण्याइतका नव्हे, फार तर आजारी पाडण्याइतका.

गंमत अशी, की २००५ साली कलेन आणि बेंटली यांनी साऱ्या पुराव्याची फेरतपासणी करून सांगितले, की हा वायू मानला गेला तितका विषारी नाहीच. मग ती माणसे कशाने आजारी पडली? मला वाटते, कागदावरून झडणारी सोमलाची धूळ आणि खुद्द ओलीतली बुरशी, या दोघींकडेच आधी पाहायला हवे होते. खोली बदलली की पुष्कळ रोगी बरे होत, एवढे तर त्या वेळच्या डॉक्टरांनीही लिहून ठेवले आहे.