वसईची हद्द : तटबंदीपासून महानगरपालिकेपर्यंत

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत घराण्यांचे, देवस्थानांचे आणि शिक्षणप्रसाराचे इतिहास वेळोवेळी आले आहेत, व ते यावेतच. परंतु ज्या नगरसंस्थेस आपण दरवर्षी घरपट्टी भरतो, जिच्या ठरावांवर आपल्या वाड्यांचे पाणी आणि आपल्या आळीतील गटार अवलंबून असते, तिचा इतिहास आपणांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असतो. म्हणून यंदा हा विषय घेतला आहे. सगळेच सांगू लागल्यास ग्रंथ होईल. सबब आम्ही एकच प्रश्न निवडला आहे, तो हद्दीचा. नगरशासनाची रेषा वसईत कोठे आखली गेली, तिच्या आत कोण आले, बाहेर कोण राहिले, आणि त्याचा परिणाम पाण्यावर व जमिनीवर काय झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

वसईतील पहिली नगरसभा फिरंग्यांची. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, आणि पुढे किल्ल्याच्या आत जे शहर उभे राहिले त्याचा कारभार ‘कामरा’ नामक सभेकडे आला. तीत बसण्याचा अधिकार तेथे घर करून राहिलेल्या पोर्तुगीज नागरिकांचा. तटाबाहेरच्या वाड्यांत भात, ऊस व केळी पिकवणारा शेतकरी शहरास धान्य आणि महसूल पुरवीत असे, पण सभेत त्यास जागा नव्हती. हद्द म्हणजे साक्षात दगडी भिंत होती. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि त्या सभेची समाप्ती झाली. पेशव्यांच्या अमदानीत कारभार सरसुभेदाराच्या कचेरीतून चाले. नगरसभेची कल्पना त्यात नव्हती, आणि त्या काळास ती अपेक्षा लावणेही योग्य नव्हे.

इंग्रजी अमलात १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावोगावी म्युनिसिपालिट्या स्थापण्याची वाट मोकळी झाली. वसईची म्युनिसिपालिटी १८६४ सालची. याच १८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पुरा झाला, आणि १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईस लोकलगाडी सुरू झाली. योगायोगच म्हणावयाचा, पण मोठा अर्थपूर्ण; कारण म्युनिसिपालिटी बसली किल्ल्याजवळच्या जुन्या गावात, आणि ‘बसीन रोड’ हे स्टेशन झाले गावापासून दूर, नवघर-माणिकपूरच्या बाजूस. पुढल्या शतकातील वस्ती कोणाच्या मागे जाणार हे त्याच वर्षी ठरून गेले होते. नगराची हद्द मात्र किल्ल्याकडे तोंड करून बसली, आणि आमच्या समजुतीप्रमाणे पुढील बहुतेक घोटाळ्यांचे मूळ येथे आहे.

१८७३ च्या कायद्याने दहा हजारांवर लोकसंख्या असलेल्या गावांस ‘सिटी म्युनिसिपालिटी’ व दोन हजारांवरील गावांस ‘टाउन म्युनिसिपालिटी’ म्हणण्याची सोय केली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात १८८४ चे कायदे झाले आणि निम्मे तरी सभासद करदात्यांनी निवडून द्यावे असे धोरण आले. १९०१ च्या खानेसुमारीत वसई शहराची लोकसंख्या १०,७०२ भरली. त्याच वर्षीच्या जिल्हा म्युनिसिपल कायद्याने सभेची कर्तव्ये नेमून दिली. रस्त्यावर दिवे लावणे, झाडलोट, गटारे व शौचकूप, पिण्याचे पाणी, बाजार, स्मशाने, जन्ममृत्यूची नोंद, देवी काढणे, प्राथमिक शाळा. यादी वाचताना हसू येत नाही. आजही सभेपुढे हेच विषय असतात, फक्त रॉकेलच्या दिव्याऐवजी विजेचा दिवा आहे.

या कायद्यातील एका तरतुदीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. म्युनिसिपालिटीस उपविधी, म्हणजे ज्यास त्या वेळी ‘बायलॉ’ म्हणत, करावयाचे झाल्यास आधी मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती मागवाव्या लागत, त्यांचा विचार करावा लागे, आणि मगच वरिष्ठांची मंजुरी मिळे. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका कायद्यातही हे तत्त्व राहिले. सभेत न बसणाऱ्या साध्या रहिवाशाचा कारभारात जो हात पोहोचतो तो बहुतांशी या हरकतीच्या कागदातून. अर्थात् कागद ज्याचा, तो हद्दीच्या आतील असला पाहिजे.

बाहेरच्यांचे काय? वसई तालुक्याचा पश्चिम पट्टा, म्हणजे गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नाळे, वटार ही गावे, वाड्यांवर जगत आली. केळी, नागवेल, भाजीपाला, फुले, आणि या सर्वांस पुरणारे विहिरींचे व बावखलांचे पाणी. समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहीर गोडी राहते, याचे कारण पावसाचे मुरलेले पाणी खालच्या खाऱ्या पाण्यास दाबून धरते. उपसा बेताचा असेल तोवर. रहाटाच्या काळी उपसा आपोआपच बेताचा राही. ही सारी गावे ग्रामपंचायतींच्या ताब्यात होती, आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेस मान दिला होता.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या उत्तरेस वैतरणा समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्यातून मुंबईने आधी १८९२ मध्ये तानसाचे आणि मग १९५७ मध्ये मोडकसागराचे पाणी नेले. जिल्ह्यातील जुन्या माणसांच्या तोंडी ही तक्रार असे की नदी आमची आणि नळ मुंबईचा. ती तक्रार खोटी नव्हती. पुढे तिचाच दुसरा भाग आमच्याविरुद्ध कसा उभा राहिला ते सांगावयाचे आहे.

मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्ग व कामकरी वर्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत नालासोपारा, विरार, नवघर-माणिकपूर येथे उतरू लागला. इमारती उठल्या त्या स्टेशनांभोवती, जुन्या नगरपालिकेच्या हद्दीबाहेर. शेकड्यांनी घरे मोजणाऱ्या पंचायतींपुढे हजारो बिऱ्हाडांचा प्रश्न आला. नळ नव्हते, मग पश्चिमेकडील विहिरींतून टँकर भरून इमारतींस पाणी विकले जाऊ लागले. विहिरी मचूळ झाल्या, नागवेलीचे मळे गेले. ‘हरित वसई संरक्षण समिती’चे आंदोलन उभे राहिले ते या परिस्थितीतून, तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, हे वाचकांस माहीत आहेच. टँकर घेणाऱ्या बिऱ्हाडकरूचाही दोष काढता येत नाही. त्याने घर विकत घेतले होते आणि त्याच्या स्वयंपाकघरात पाणी नव्हते.

१९९० मध्ये शासनाने वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सिडकोकडे सोपविले. विकास आराखडा मंजूर झाला २००७ मध्ये. मधली सतरा वर्षे इमारती आराखड्याची वाट पाहत थांबल्या नाहीत. शिवाय पाणी, गटार, कचरा यांची जबाबदारी नगरपालिका व पंचायतींवर, आणि जमिनीचे नियोजन निवडून न आलेल्या संस्थेकडे, अशी ही विभागणी होती. एकाने रस्ता आखावा आणि दुसऱ्याने गटार खणावे असा प्रकार.

३ जुलै २००९ रोजी वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालच्या ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. रेषा प्रथमच वस्तीच्या पुढे गेली. पण ती आता वाड्यांवरूनही गेली. गावांतून तीव्र विरोध झाला. त्यांचे म्हणणे असे की ग्रामसभा गेली म्हणजे जमिनीविषयी बोलण्याची जागा गेली. पट्टी शहराची येईल, सोयी गावाच्याच राहतील, आणि हिरवा पट्टा नकाशावर फार दिवस हिरवा राहणार नाही. दुसरी बाजूही पोकळ नव्हती. पेल्हार, उसगाव येथील लहान तलावांवर शहर जगणे शक्य नव्हते. सूर्या नदीचे पाणी दुरून आणण्याचे काम कोणत्याही पंचायतीच्या कुवतीचे नव्हे. २०१० साली ८९ जागांसाठी पहिली निवडणूक झाली. ३१ मे २०११ रोजी शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय केला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि गावे वर्षानुवर्षे ना धड आत ना धड बाहेर अशी राहिली. २०२४ मध्ये ती महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने शासनाने नवी अधिसूचना काढून हरकती मागविल्या, तेव्हा पुन्हा अर्जांच्या रांगा लागल्या.

आमचे मत विचारल्यास, गावांनी बाहेर राहावे की आत यावे यापेक्षा, आत आल्यावर त्यांच्या पाण्यावर कोणाचा ठराव चालेल हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता, आणि त्यावर दोन्ही पक्षांच्या सभांतून फारच कमी बोलले गेले. बावखले बुजवू नयेत, विहिरीचे पाणी विक्रीसाठी उपसू नये, असा कडक उपविधी करून तो पाळून घेणारी संस्था गावाची की शहराची, यावाचून वाडीचे अडत नाही.

सूर्येच्या पाण्याची गोष्ट तर आम्हांस अस्वस्थ करणारी आहे. धामणी व कवडास येथील हा प्रकल्प मूळ डहाणू, पालघर, विक्रमगड भागातील शेतीच्या सिंचनासाठी होता. त्यातून दररोज ४०३ दशलक्ष लिटरची जी योजना झाली, तीत १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारचे आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरचे. तेथील आदिवासी शेतकऱ्यांनी विरोध केला तेव्हा त्यांचे शब्द जवळजवळ तेच होते जे आमच्या वडीलधाऱ्यांनी मुंबईविषयी काढले होते. ते शेतकरी वसईच्या मतदारयादीत नाहीत. सभेपुढे त्यांची हरकत येण्याचा मार्गच नाही.

हद्दीच्या आत तरी सभेचा शब्द चालला काय? जुलै २०१८ च्या पुरात नालासोपारा व वसई दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. त्यानंतर नेमलेल्या नीरी व मुंबई आय. आय. टी. यांच्या समितीने धारण तलाव राखण्याची शिफारस केली. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी शुद्धीकरण केंद्र व कचराभूमी यांसाठी राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभी त्या पाडाव्या लागल्या व हजारो माणसे बेघर झाली. त्याच वर्षी ऑगस्टात विरार येथे एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जणांनी प्राण गमावले. नियम होते, आरक्षण नकाशावर होते. आणि या काळातील बऱ्याच वर्षांत सभाच नव्हती. जून २०२० मध्ये तिची मुदत संपली, महामारीमुळे निवडणूक लांबली, मग इतर कारणांनी लांबली, आणि १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान होईपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ अंदाजपत्रकासह सर्व ठराव प्रशासकाच्या एका सहीने होत राहिले. मतभेद, उपसूचना, सभात्याग यांनी भरलेली जी कंटाळवाणी इतिवृत्ते असतात, ती त्या वर्षांची कोणास मिळणार नाहीत.

अशी इतिवृत्ते जुन्या काळची तरी हाती राहावीत अशी आमची इच्छा आहे. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी जुन्या म्युनिसिपालिटीच्या घरपट्टीच्या पावत्या, पंचायतीच्या सभांच्या सूचना, बावखलांच्या वाटणीचे कागद किंवा हरकतीच्या अर्जांच्या स्थळप्रती असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता मंडळाच्या कार्यालयात दाखवाव्यात. नक्कल करून मूळ कागद परत करण्यात येईल.