कपाटाची किल्ली

मागच्या महिन्यात शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विषय निघाला की आपण शाळेला काहीतरी देऊया. आमच्या बॅचचे निम्मे लोक पुण्यात आयटीत, त्यामुळे पहिली सूचना अर्थातच संगणकाची. दुसरी पुस्तकांच्या कपाटाची. कपाटावर एकमत झालं, पैसेही जमले. आणि मला एकदम आमच्या वेळचं कपाट आठवलं. सांगली जिल्ह्यातली शाळा, मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचं कपाट, आत पुस्तकं आणि दाराला कुलूप. सगळ्या वर्षांत ते मी दोनदा उघडलेलं पाहिलं. दोन्ही वेळा तपासणी होती!

तेव्हा वाटायचं, गुरुजी खडूस आहेत. या दोन-तीन वीकेंडना थोडं वाचत बसलो, तेव्हा लक्षात आलं की गोष्ट इतकी सोपी नाही.

१९८७ साली केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी खडू-फळा मोहीम आणली. खोल्या, शिक्षक, शैक्षणिक साहित्य आणि त्यात पुस्तकंही. पुस्तक शाळेत आलं की त्याची नोंद रजिस्टरमध्ये होते, टेबल-खुर्चीच्या जोडीला. मग ते हरवलं, फाटलं, तर जबाब गुरुजींनी द्यायचा. मुलांनी ते वाचलं नाही, तर मात्र कोणीच काही विचारत नाही. आता तुम्ही गुरुजी असतात तर काय केलं असतंत? मी तरी कुलूपच लावलं असतं.

गंमत म्हणजे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं तर आहेच, पण तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे मुलांनी मजेसाठी वाचावं, हे कायद्यालाही मान्य आहे. किल्लीबद्दल मात्र त्यात काही नाही.

हा रोग फक्त आपलाच नाही. मध्ययुगीन युरोपात पुस्तकं साखळीने फळीला बांधत. इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये असं साखळीबंद ग्रंथालय आजही बघायला मिळतं. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम म्हणून मांडला. इतकी उघड गोष्ट नियम म्हणून सांगावी लागली, यातच सगळं आलं.

मग आपल्या भागात वाचनाची गोडी लागली तरी कशी? याचं उत्तर शोधताना मी औंध संस्थानात पोचलो. हे संस्थान तुकड्या-तुकड्यांत पसरलेलं होतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी आणि कुंडल सांगली जिल्ह्यात. कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, त्यासाठी जागा औंधच्या राजांनी दिली. आणि नांगर बनवणाऱ्या या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केलं. सुरुवातीला ते कारखान्याच्या बातम्यांचं पत्रक होतं. पुढे शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं 'किर्लोस्कर' हे सगळ्या घराने वाचायचं मासिक केलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही आणखी दोन आली. माळावरच्या एका कारखान्याच्या वसाहतीतून महाराष्ट्रभर वाचायला मजकूर जात होता, आणि त्यावर कोणी परीक्षा घेत नव्हतं!

याच संस्थानात माडगूळकर बंधू वाढले. गदिमा मॅट्रिक पास होऊ शकले नाहीत. धाकटे व्यंकटेश यांचीही शाळा अर्धवट सुटली. पुढे इंग्रजी पुस्तकं वाचता यावीत म्हणून ते स्वतःच इंग्रजी शिकले. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे तर शाळेत जेमतेम गेले. मुंबईत दुकानांच्या पाट्या वाचत वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली आणि १९५९ साली 'फकिरा' लिहिली.

इथे आपल्या सगळ्यांना छान वाटतं. बघा, शाळेशिवायही जमतं! पण मला वाटतं इथेच आपण फसतो. जे पोचले तेच आपल्याला दिसतात. पाट्या वाचून जे पुढे गेले नाहीत, त्यांची नावं कुठल्या पुस्तकात असणार? अण्णाभाऊंनी केलं तो पराक्रम होता, आणि पराक्रमावर व्यवस्था चालत नाही. प्रत्येक मूल जिथे जातं अशी जागा एकच, शाळा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं केलं, ते याच विश्वासावर. त्यांनी शाळेचं दार उघडलं. कपाटाचं दार उघडणं आपल्याकडे राहिलं.

ते उघडता येतं हेही आपल्याच भागात दिसतं. पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तकं होती, तीही घरांत, देवळात, शाळेत. कोणीही यावं, बसून वाचावं. कल्पना घेतली वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून, आणि योगायोग असा की साखळीवालं हेरफर्ड तिथून तीसेक किलोमीटरवरच आहे :) पुढे या योजनेत सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं अंकलखोपही आलं.

मी भिलारला गेलो होतो तेव्हा एका ओसरीवर सात-आठ वर्षांचा मुलगा पालथा पडून चित्रांचं पुस्तक बघत होता. पानं जरा चुरगळली होती. घरातल्या काकू येऊन-जाऊन होत्या, पण त्याला एका शब्दाने हटकलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आमच्या मुख्याध्यापकांना फोन केला. म्हटलं, "सर, कपाट नको. उघडी मांडणी देतो, व्हरांड्यात ठेवा. मुलांना घरीही नेऊ दे."

सर म्हणाले, "अरे, हरवली तर?"

"हरवू देत सर. दरवर्षी आम्ही नवी भरू."

"तुझं ठीक आहे रे. ऑडिटला मी काय दाखवू?"

प्रश्न बरोबर होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या जिल्हा नगर वाचनालयातली हजारो पुस्तकं भिजली, त्याची हळहळ मलाही आहे. पुस्तक गेलं की वाईट वाटतंच. पण कुलपातली पुस्तकंही वाळवीने जातात, आणि तीही कोणी न वाचता.

शेवटी असं ठरलं की पुस्तकं माजी विद्यार्थ्यांच्याच मालकीची राहतील, शाळेच्या रजिस्टरवर चढणार नाहीत. सर म्हणाले, "तसं लेखी दे, म्हणजे झालं."

काल रात्री ते पत्र लिहिलं. ऑफिसात रोज काही हरवू नये, पुसलं जाऊ नये याची तजवीज करतो. 'यातली पुस्तकं हरवल्यास कोणालाही जबाबदार धरू नये' हे वाक्य टाइप करताना हात जरा अडखळलाच. पण टाइप केलं. उद्या पोस्टात टाकतोय.