साखळीचं दुसरं टोक

मागच्या उन्हाळ्यात एकलहऱ्यातल्या आमच्या शेताची मोजणी झाली. शेताच्या एका अंगाला गोदावरीकडे जाणारा ओहोळ आणि दुसऱ्या अंगाला तात्यांचा बांध. तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. बांध कुणी कोरला, यावरून दोन घरांत चार वर्षं बोलणं बंद होतं. मागे थर्मलच्या चिमण्या, पुढे वाळलेली सोयाबीनची धसकटं, आणि मध्ये आम्ही सगळे मोजणीदाराची वाट बघत उभे.

तो मोटारसायकलवर आला, एकटाच. पाठीवर बॅग, हातात एक दांडा. दांड्याच्या टोकाला कुकरच्या झाकणाएवढं यंत्र आणि मध्यावर अडकवलेला मोबाईलसारखा पडदा. वडील माझ्या कानाशी म्हणाले, "बाकीची माणसं मागून येतायत का?" त्यांच्या लहानपणी मोजणी म्हणजे साखळी, झेंड्या, खुंट्या आणि बघायला जमलेलं अर्धं गाव. एकट्या माणसाने जमीन मोजणं त्यांना पटत नव्हतं. मी इंजिनिअर, त्यामुळे मला ते सहज पटलं. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी मोजणीचा इतिहास वाचायला घेतला.

एकट्याने जमीन मोजणं तसं नवीन नाही. शिवकाळातली काठी पाच हात पाच मुठी लांबीची असल्याचं सभासदाच्या बखरीत येतं. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि 120 बिघ्यांचा एक चावर. काठी एकट्यालाही टाकत टाकत नेता येते. अडचण दोन ठिकाणी येते. प्रत्येक वेळी काठी उचलून ठेवताना थोडी चूक होते आणि शंभर वेळा ठेवली की त्या चुका साठत जातात. दुसरी अडचण त्याहून मोठी: हात कुणाचा आणि मूठ कुणाची? म्हणून काठीची लांबी ठरवून देणं हे राज्याचं काम होतं.

इंग्रजी अमदानीत काठीची जागा साखळीने घेतली. मूळची गंटरची साखळी 1620 च्या सुमाराची, 66 फुटांची. मुंबई इलाख्यात तिच्या निम्मी, 33 फुटांची साखळी चालली आणि तिचे सोळा आणे पाडले. हिशेब सुंदर बसतो. 33 गुणिले 33 म्हणजे 1089 चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे 43,560 चौरस फूट, बरोबर एक एकर. आजही सातबाऱ्यावरच्या गुंठ्यामागे हीच साखळी आहे.

साखळी एकट्याला ओढता येत नाही. पुढचा माणूस ती ताणतो आणि साखळी संपेल तिथे लोखंडी सुई रोवतो. मागचा तिथपर्यंत येतो, सुई उपटून घेतो, आणि दोघं पुढे सरकतात. ओळीच्या शेवटी मागच्याच्या हातात जितक्या सुया, तितक्या साखळ्या. पुढचा मनात मोजत असतो, मागचा हातात मोजत असतो. दोघांचा आकडा जुळला नाही तर कुठेतरी चूक आहे. आमच्या धंद्यात एका प्रोग्रॅमचं उत्तर दुसऱ्याकडून पडताळून घेतात, ती युक्ती इथे साखळीच्या दोन टोकांत होती. शिवाय लाकडी शंकू असे. त्याच्या फटींतून बघून मधल्या रेषेशी काटकोन साधायचा आणि बांधाच्या वळणापर्यंतचं अंतर घ्यायचं. हे सगळे आकडे टिपणावर साखळ्या आणि आण्यांत उतरत.

अर्थात दोन माणसं असली की मोजणी खरी होतेच असं नाही. 1820 च्या दशकाअखेरीस प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात केलेली मोजणी चुकांनी आणि लाचखोरीने बदनाम झाली. सारा झेपेना म्हणून इंदापूरकडच्या कुणब्यांनी जमिनी टाकल्या. 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातूनच नव्याने सुरुवात केली. शेताला कायमचा नंबर, हद्दीला खुणा, आणि तीस वर्षं न बदलणारा सारा. 1847 च्या संयुक्त अहवालाने ही पद्धत पक्की केली. साखळीही खोटं बोलू शकते. वापराने कड्या झिजून साखळी एक इंच लांबली, तर एकरामागे जमीन सुमारे एक पंचमांश गुंठ्याने कमी भरते. सारा भरणाऱ्याला ते बरं, पण जमीन विकणाऱ्याचं नुकसान.

साखळी ओढणारे कोण होते, हे मात्र टिपणावर नसतं. गावाच्या शिवेची माहिती परंपरेने महारांकडे असे. शिवेचा तंटा उठला की त्यांची साक्ष महत्त्वाची धरली जाई. ज्यांच्या नावावर जमीन फारशी नव्हती, त्यांच्याच ध्यानात सगळ्यांच्या हद्दी होत्या. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली आणि ते काम सुटलं. कागदावर आकडे राहिले, दगड दाखवणाऱ्यांची नावं राहिली नाहीत.

याच शतकात एकट्याने मोजायची साधनंही पुढे गेली. लॅम्ब्टन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा मोठा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा, तो हलवायला माणसांचा तांडा लागे. हेच काम करत असताना 1823 मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. उलट बाजूला खिशात मावणारी साधनं. श्माल्काल्डर यांनी 1812 मध्ये पेटंट घेतलेल्या होकायंत्रात भिंग-लोलकामुळे समोरची खूण आणि अंश एकाच नजरेत दिसतात. पितळी डबीतले दोन आरसे एकमेकांशी 45 अंशांत बसवले की दृश्य बरोबर 90 अंशांत वळतं, आणि शंकूचं काम तळहातावर होतं.

एकट्याच्या मोजणीचं टोक गाठलं नैनसिंह रावत यांनी. तिबेटात सर्वेक्षकांना बंदी होती, म्हणून ते यात्रेकरूच्या वेषात गेले आणि 1866 च्या जानेवारीत ल्हासाला पोचले. पावलं एकसारखी टाकायची त्यांना तालीम दिलेली होती. माळ 108 ऐवजी 100 मण्यांची, दर शंभर पावलांना एक मणी. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची. मात्र त्यांनाही पडताळणी चुकली नाही. रात्री ताऱ्यांची उंची मोजून ते अक्षांश काढत, आणि त्यावर पावलांचा हिशेब तपासून घेता येई.

आमच्या शेतातला दांडाही आकाशाकडेच बघत होता. मोबाईलचा जीपीएस उघड्यावरही तीन-चार मीटर चुकतो. शंभर मीटरच्या बांधावर तीन मीटरची चूक म्हणजे तीनशे चौरस मीटर, जवळजवळ तीन गुंठे. भाऊबंदकीला एवढं पुष्कळ झालं. रोव्हर म्हणतात तो हा दांडा उपग्रहांबरोबरच जमिनीवरच्या कायमच्या संदर्भ केंद्रांशी बोलतो. महाराष्ट्रात अशी 77 केंद्रं उभी केलेली आहेत. आपली जागा नेमकी ठाऊक असलेलं केंद्र त्या घडीची चूक कळवतं आणि रोव्हर ती वजा करतो. चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. म्हणजे साखळीचं दुसरं टोक इथेही आहे, पण ते कुठल्यातरी दूरच्या गच्चीवर आहे आणि शेतात उभ्या असलेल्यांना दिसत नाही.

खरी अडचण पुढे आली. रोव्हर अक्षांश-रेखांश सांगतो, आणि जुनं टिपण सांगतं, अमक्या दगडापासून इतक्या साखळ्या, इतके आणे. दोन्ही जुळवायला तो दगड सापडला पाहिजे. क्षेत्रफळ बरोबर भरूनही अख्खा नकाशा चार फूट सरकलेला असू शकतो, आणि भांडण तर त्या चार फुटांचंच होतं. मोजणीदाराने विचारलं, "जुनी खूण कुणाला माहितीये?" वडिलांना माहीत नव्हती. थोड्या वेळाने तात्या काही न बोलता चिंचेखाली गेले आणि काठीने पाचोळा बाजूला केला. दगड तिथे होता.

पण चिंचेच्या दाट सावलीत यंत्राला उपग्रह नीट दिसेनात. पडद्यावरचा आकडा हलत राहिला. मोजणीदाराने उघड्यावर दोन बिंदू घेतले आणि बॅगेतून टेप काढला. तिथून दगडापर्यंतचं अंतर मोजायचं होतं. "एकाने टोक धरा," तो म्हणाला. तात्या दगडावर टोक दाबून खाली बसले. वडिलांनी दुसरीकडून टेप ताणला.

"ढिला आहे," तात्या म्हणाले. चार वर्षांत ते वडिलांशी बोललेले हे पहिले शब्द.

वडिलांनी टेप आणखी ताणला. आकडा दोघांनी मोठ्याने वाचला, मोजणीदाराने लिहून घेतला. बांध तात्यांच्या बाजूला हातभर सरकलेला निघाला, म्हणजे चूक आमचीच होती.