टॉवरमधल्या पाकोळ्या

हल्ली घरट्यात कॅमेरा बसवून पिल्लं लाइव्ह दाखवतात. जेवताना मोबाइल समोर ठेवून मीही बघतो. पण असं चोरून बघायची हौस मोबाइलच्या खूप आधीची आहे. आजची गोष्ट १९४८ ची, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डची.

तिथल्या विद्यापीठाच्या म्युझियमला उंच टॉवर आहे. (डार्विनच्या सिद्धांतावरून १८६० मध्ये गाजलेली खडाजंगी याच इमारतीत झाली.) टॉवरच्या झरोक्यांत दर उन्हाळ्यात आफ्रिकेतून आलेल्या पाकोळ्या घरटी करायच्या. आपल्याकडे पुलाखाली, जुन्या इमारतींच्या छताला जी घरटी चिकटलेली असतात ना, त्या पाकोळीची ही चुलतबहीण. डेव्हिड लॅक हे पक्षीतज्ज्ञ आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी झरोक्यांच्या आतून पेट्या बसवल्या. पेटीची मागची बाजू काचेची. शिड्या चढून वर जायचं, अंधारात बसायचं आणि हातभर अंतरावरून बघत राहायचं. बस्स.

लॅकना एक प्रश्न छळत होता. पाकोळी दोन-तीनच अंडी का घालते? दहा का नाही? जातीत जेवढे पक्षी मरतात तेवढी भरपाई होते, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटायचं. लॅक म्हणायचे, तसं नाही. आईबाप जितक्या तोंडांना भरवू शकतात, तितकीच अंडी.

आणि भरवणं म्हणजे काय, ते काचेतून दिसलं. पाकोळी हवेत उडते किडे पकडते, घशात त्यांचा गोळा करते. एका गोळ्यात तीनशेपासून हजारापर्यंत किडे! पण थंडी-पाऊस आला की हवेत किडेच नसतात. मग आईबाप जवळपास रिकामे परततात. अशा वेळी पिल्लं मरतात? लगेच नाही. अंगातली चरबी वापरतात, शरीर गार पडू देतात, वाढ थांबवतात आणि तग धरतात. म्हणूनच चांगल्या हवेत पिल्लू पाच-साडेपाच आठवड्यांत उडतं, वाईट हवेत आठ आठवडे लागतात. तरीही हवा फार बिघडली की तीन पिल्लांच्या घरट्यात मरण जास्त. मला विचाराल तर हे काचेमागे बसून नुसतं बघणं सोपं नसणार.

पुढे ख्रिस पेरिन्स यांनी थेट परीक्षाच घेतली. काही घरट्यांत जादा पिल्लू ठेवून चार केली. चारपैकी जगली ती तीनच्या घरट्यापेक्षाही कमी! लॅक यांचं म्हणणं पाकोळीपुरतं तरी खरं ठरलं.

लॅक यांचं या पाकोळ्यांवरचं पुस्तक १९५६ मध्ये आलं. ते १९७३ मध्ये गेले, पण टॉवरमधली मोजदाद थांबली नाही. आता तिथे कॅमेरे आहेत. मे ते ऑगस्टमध्ये बघाल तर पिल्लं पंखांवर जोर देऊन चक्क पुशअप्स काढताना दिसतील. मग एक दिवस पिल्लू झरोक्यातून बाहेर झेप घेतं. आईबाप सोबत येत नाहीत, ते परत येत नाही, आणि त्यानंतर बहुधा दोन-तीन वर्षं कुठेच टेकत नाही.